अंगण खरंच वाकडं होतं का?

मतमोजणीच्या दिवशी पडद्यावर दोन आकडे एकमेकांचा पाठलाग करत असतात. आपला उमेदवार सकाळपासून पुढे असतो. दुपारनंतर तफावत घटायला लागते, रात्री केव्हातरी आकडे उलटतात आणि मग सरळ होतच नाहीत. मनात पहिलं वाक्य येतं, 'आपण हरलो.' ते फार वेळ टिकत नाही. झोपायला जाईपर्यंत त्याच्या जागी दुसरं येऊन बसलेलं असतं, 'काहीतरी गडबड आहे.'

पहिलं वाक्य हे दुःख आहे, ते कुणाला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. दुसरं वाक्य हा आरोप आहे, आणि आरोपाला कागद लागतो. देश जवळजवळ निम्मा-निम्मा वाटला गेला असेल, तर कोट्यवधी माणसं एका रात्रीत पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर जातात. जिंकलेली बाजू 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणून हसते. अडचण एवढीच, की अंगण कधीकधी खरोखरच वाकडं असतं. ते केव्हा असतं आणि केव्हा आपल्याला फक्त तसं वाटतं, हे ओळखायचं कसं?

आधी आपलं मन

निवडणुकीतला पराभव अंगाला लागतो, आणि हे नुसतं म्हणायला नाही. २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री संशोधकांनी मतदारांच्या लाळेचे नमुने घेतले होते. हरलेल्या उमेदवारांना मत दिलेल्या पुरुषांमध्ये निकालानंतर टेस्टोस्टेरॉन झपाट्याने उतरलं. जिंकलेल्या बाजूच्या पुरुषांमध्ये ते टिकून राहिलं. मैदानात दुसरंच कुणी होतं, हे सगळे घरी बसून टीव्ही बघत होते.

पण ही कळ आपल्याला वाटते तितकी टिकत नाही. १९९४ मध्ये टेक्ससच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीआधी मानसशास्त्रज्ञांनी काही मतदारांना विचारलं होतं, तुमचा उमेदवार पडला तर महिन्याभराने तुम्ही किती दुःखी असाल? अ‍ॅन रिचर्ड्स यांच्या समर्थकांनी आपण बरेच खचलेले असू असं सांगितलं. रिचर्ड्स हरल्या. महिन्याने पुन्हा विचारलं तर ही मंडळी जवळजवळ पूर्वीइतकीच आनंदात होती. त्यामुळे निकालाच्या आठवड्यात घेतलेले 'आता या देशात राहायचंच नाही' छापाचे निर्णय थोडे मुरू द्यावेत. २०१६ च्या निकालाच्या रात्री कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट गर्दीने कोलमडली होती. त्या रात्री वेबसाइट उघडणाऱ्यांपैकी बहुतेक जण दुसऱ्या दिवशी आपापल्या कामावर गेले असणार.

दुःख उतरतं, चष्मा मात्र डोळ्यांवर राहतो. त्याच २०१६ च्या निवडणुकीआधीच्या आठवड्यात गॅलपच्या पाहणीत रिपब्लिकन मतदारांपैकी १६ टक्क्यांनाच अर्थव्यवस्था सुधारत असल्याचं वाटत होतं. रिपब्लिकन उमेदवार ट्रम्प जिंकल्यावर हा आकडा ४९ वर गेला. डेमोक्रॅट ६१ वरून ४६ वर आले. नवे अध्यक्ष शपथ घेणार होते जानेवारीत! कारखाने तेच, पगार तेच, किराणा तोच, बदलला फक्त निकाल.

निवडणूक नीट पार पडली की नाही, या प्रश्नाचंही तेच. प्यू रिसर्च सेंटरने ट्रम्प यांच्या मतदारांना विचारलं, तेव्हा २०२० मध्ये देशभरातली निवडणूक व्यवस्थित झाली म्हणणारे २१ टक्के होते आणि २०२४ मध्ये ९३ टक्के. मधल्या चार वर्षांत मतमोजणीची पद्धत काही मुळापासून बदलली नव्हती. डेमोक्रॅटांना यात हसण्यासारखं फार नाही. हरल्यावर विश्वास घटणं आणि जिंकल्यावर तो वाढणं, हे देशोदेशी आणि सगळ्या पक्षांत दिसतं. कुठे घसरण उताराएवढी असते, कुठे कड्याएवढी, आणि हा फरक बराचसा नेता काय बोलतो यावर ठरतो.

रात्रीतून आकडे कसे फिरतात

संशयाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे उलटलेली आघाडी. 'रात्री एक वाजता आम्ही पुढे होतो, सकाळी मागे कसे?'

उत्तर बहुतेक वेळा कंटाळवाणं असतं: मतं ज्या क्रमाने पडतात त्या क्रमाने मोजली जात नाहीत. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २०२० मध्ये टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवसाआधी उघडायलाच कायद्याने बंदी होती. केंद्रावर जाऊन दिलेली मतं आधी मोजली गेली, त्यांत ट्रम्प यांचे समर्थक जास्त होते. टपालाने मत देणाऱ्यांत बायडन यांचे समर्थक जास्त होते, ते लिफाफे नंतर फुटले. सहा लाखांहून अधिकची आघाडी काही दिवसांत वितळली आणि बायडन सुमारे ८० हजारांनी जिंकले. असं होणार हे जाणकारांनी आधीपासून सांगितलं होतं. पण आधी वाचलेलं कळणं आणि रात्री डोळ्यांसमोर घडताना पाहणं यांत फरक पडतोच.

आता ऑस्ट्रिया. माझ्या मते या विषयावर याहून चांगलं उदाहरण नाही.

मे २०१६ मध्ये तिथे अध्यक्षपदाची दुसरी फेरी झाली. एका बाजूला उजव्या फ्रीडम पार्टीचे नॉर्बर्ट होफर, दुसऱ्या बाजूला ग्रीन पक्षाचे माजी नेते अलेक्झांडर फान डेर बेलेन. रविवारी रात्री केंद्रांवरची मोजणी संपली तेव्हा होफर पुढे होते. सोमवारी टपाली मतं मोजली आणि फान डेर बेलेन ३०,८६३ मतांनी निवडून आले. होफर यांच्या पक्षाने रस्ता अडवला नाही, घटना न्यायालयात अर्ज केला. न्यायाधीशांनी मोजणी केंद्रांवरच्या माणसांना एकेक करून साक्षीला बोलावलं, तेव्हा बाहेर आलं ते असं: काही ठिकाणी लिफाफे ठरलेल्या वेळेआधीच फोडले होते, काही ठिकाणी अधिकार नसलेली माणसं मोजत होती, काही ठिकाणी सह्या करणारे सदस्य हजरच नव्हते. 'आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं' हा प्रकार सगळ्या जगात सारखाच.

कुणी मतं इकडची तिकडे केल्याचा पुरावा न्यायालयाला मिळाला नाही, आणि तरीही १ जुलै २०१६ रोजी निवडणूक रद्द झाली. नियमभंगाचा स्पर्श झालेली मतं होती ७७,९२६, आणि विजयाची तफावत ३०,८६३. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असल्यामुळे निकाल वेगळा लागला असता ही शक्यता उरत होती, तेवढी पुरे झाली. ऑक्टोबरमध्ये फेरमतदान ठरलं, तर टपाली मतांच्या लिफाफ्यांचा गोंदच चिकटेना, म्हणून तारीख ४ डिसेंबरपर्यंत ढकलली. (गोंद न चिकटल्यामुळे राष्ट्राध्यक्षाची निवड लांबल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.) अखेर फान डेर बेलेन ५३.८ टक्के मतांनी पुन्हा जिंकले, तफावत पहिल्याच्या कितीतरी पट. होफर यांनी त्याच संध्याकाळी पराभव मान्य केला.

तर कुणी 'घोळ झाला' म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: किती मतांचा, आणि तफावत किती? घोळ नसलेली निवडणूक जगात नाही. हजारो केंद्रं आणि थकलेले कर्मचारी असले की चुका होणारच. २०२० मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या, तेव्हा एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) सुमारे २,६०० मतपत्रिका मोजायच्याच राहून गेल्याचं सापडलं. चूक अगदी खरी होती, आणि त्या सापडलेल्या मतांमुळे हरलेल्या ट्रम्प यांची पिछाडी थोडी घटलीही. तरी ती १२ हजारांच्या वर राहिली. 'चूक झाली' हेही खरं आणि 'निकाल बरोबर आहे' हेही खरं. ही दोन वाक्यं एकाच वेळी डोक्यात धरणं रागाच्या भरात फार जड जातं.

दुसरा प्रश्न ब्राझीलने शिकवला. ३० ऑक्टोबर २०२२ च्या दुसऱ्या फेरीत माजी अध्यक्ष लुला ५०.९ टक्के विरुद्ध सत्तेवरचे अध्यक्ष बोल्सोनारो ४९.१ टक्के असा निकाल लागला. बोल्सोनारोंच्या बाजूच्या ट्रकवाल्यांनी महामार्ग अडवले, समर्थकांनी लष्करी तळांबाहेर तंबू ठोकले. बोल्सोनारोंच्या पक्षाने निवडणूक न्यायालयात तक्रार केली, की जुन्या मॉडेलच्या मतदान यंत्रांत दोष आहे, दुसऱ्या फेरीतली त्यांवरची मतं बाद करा. न्यायालयाच्या अध्यक्षांनी साधं विचारलं: हीच यंत्रं पहिल्या फेरीतही होती, मग तिचीही मतं तक्रारीत घाला. पहिल्या फेरीसोबतच संसदेची निवडणूक झाली होती आणि तीत कनिष्ठ सभागृहात सर्वाधिक जागा याच पक्षाला मिळाल्या होत्या. पक्षाने ती मतं तक्रारीत घातली नाहीत. तक्रार फेटाळली गेली आणि वर सुमारे २ कोटी २९ लाख रेआलचा दंड झाला. आपण जिंकलो तिथे यंत्र चांगलं आणि हरलो तिथे वाईट, असं म्हणणाऱ्याला कुठेही हाच प्रश्न विचारता येतो.

अंगण वाकडं असतं तेव्हा

इथवर वाचून असं वाटेल की तक्रार करणारे सगळे रडे असतात. तसं मुळीच नाही.

केनियात डिसेंबर २००७ मध्ये मोजणी चालू असताना आकडे केंद्रावर एक आणि राजधानीत दुसरे, असे प्रकार झाले. ३० डिसेंबरला सत्तेवरचे अध्यक्ष म्वाई किबाकी यांना विजयी घोषित केलं आणि तासाभरात, अंधार पडता पडता, शपथविधीही उरकला. पुढे निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांनीच सांगून टाकलं, की किबाकी खरंच जिंकले का हे मला ठाऊक नाही! विरोधी उमेदवार राइला ओडिंगा न्यायालयात गेले नाहीत, कारण तिथे न्याय मिळेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. दोन महिन्यांच्या हिंसाचारात अकराशेहून अधिक माणसं मेली, लाखो बेघर झाली. बरीचशी हिंसा शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांवर केली. दाद मागायला जागा उरली नाही की भांडण घराच्या उंबऱ्यावर येतं, ते असं.

त्यानंतर केनियाने जे केलं ते जास्त शिकण्यासारखं आहे. २०१० मध्ये नवी राज्यघटना आली. अध्यक्षपदाच्या निकालाला आव्हान सात दिवसांत द्यायचं आणि सर्वोच्च न्यायालयाने चौदा दिवसांत निकाल द्यायचा, असा नियम झाला. २०१७ मध्ये याच न्यायालयाने सत्तेवर असलेल्या अध्यक्षांचा विजय रद्द केला. २०२२ मध्ये आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांचे निकालपत्रक सगळ्यांना दिसतील असे इंटरनेटवर टाकले. पत्रकार, विद्यार्थी, रिकामटेकडे, ज्याला वाटेल त्याने बेरीज करून पाहिली.

आणि त्यातच एक गंमत झाली. सातपैकी चार आयुक्तांनी निकाल अमान्य केला. एक कारण असं दिलं, की उमेदवारांच्या टक्केवारीची बेरीज १००.०१ येते आणि ते जास्तीचे ०.०१ टक्के म्हणजे जवळपास १,४२,००० मतं होतात. एकूण वैध मतं होती सुमारे १ कोटी ४२ लाख. त्याचा ०.०१ टक्का काढून पाहा: जेमतेम १,४२०. ती जास्तीची ०.०१ आली होती दशांश चिन्हापुढचे आकडे पूर्ण करताना. देशाच्या निकालावर सही करायची की नाही हे ठरवणाऱ्यांनी भागाकारात दोन शून्यं चुकवली आणि लोकांनी ती लगेच पकडून दाखवली, कारण आकडे सगळ्यांसमोर होते.

न्यायालयाने एकमताने, विजयी घोषित झालेल्या विल्यम रुटो यांचा विजय कायम केला. ओडिंगांनी सांगितलं, निर्णय अजिबात पटलेला नाही, पण त्याचा मान राखतो. २००७ मध्येही हरणारे ओडिंगाच होते.

मलावीतलं अंगण तर नकाशावर दिसावं इतकं वाकडं होतं. मे २०१९ च्या निवडणुकीत पीटर मुथारिका ३८.५७ टक्के मतांनी पुन्हा अध्यक्ष झाले. लाझारस चकवेरा ३५.४१ टक्क्यांवर राहिले. मग मोजणीचे तक्ते बाहेर यायला लागले. त्यांतल्या कित्येकांवर आकड्यांवर व्हाइटनर लावून वरून नवा आकडा लिहिलेला! लोक महिनोन् महिने रस्त्यावर येत राहिले आणि त्याच वेळी न्यायालयात तक्त्यांचा एकेक कागद तपासला जात होता. ३ फेब्रुवारी २०२० रोजी पाच न्यायाधीश चिलखती गाडीतून, बुलेटप्रूफ जाकिटं घालून न्यायालयात आले आणि त्यांनी निवडणूक रद्द केली. जूनमध्ये फेरनिवडणूक झाली, चकवेरा साडेअठ्ठावन्न टक्के मतं घेऊन जिंकले.

कागद हातात असला की प्रत्येक वेळी न्याय मिळतोच असं नाही. व्हेनेझुएलात जुलै २०२४ मध्ये विरोधकांच्या कार्यकर्त्यांनी केंद्राकेंद्रावरून ८० टक्क्यांहून अधिक निकालपत्रं गोळा करून जगासमोर मांडली. जानेवारी २०२५ मध्ये शपथ तरी सत्तेवरचे अध्यक्ष मादुरो यांनीच घेतली. न्यायालय, आयोग, लष्कर सगळंच एका मुठीत असेल तर नागरिकाच्या हातात पुरावा उरतो, उपाय उरत नाही.

मान्य करणं म्हणजे पटणं नव्हे

राज्यशास्त्रात 'हरणाऱ्यांची संमती' अशी एक कल्पना आहे. जिंकणारे निकाल मानतात यात विशेष काही नाही, कुणीही मानेल. व्यवस्था उभी राहते ती हरलेल्यांनी मानल्यामुळे. अ‍ॅडम प्शेवोर्स्की या अभ्यासकांची लोकशाहीची व्याख्याच अशी, की जिथे पक्ष निवडणुका हरतात ती लोकशाही.

६ जानेवारी २००१ चं एक दृश्य आहे. अमेरिकेच्या २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवार अल गोर देशभरात पाच लाखांहून अधिक मतं जास्त मिळवूनही, फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ५ विरुद्ध ४ निकालाने हरले होते. ते अजून उपराष्ट्राध्यक्ष होते, म्हणून संसदेच्या संयुक्त बैठकीत राज्यांची मतं मोजून प्रतिस्पर्ध्याचा विजय जाहीर करायचं काम त्यांच्याकडेच आलं. त्यांच्याच पक्षाचे सदस्य एकामागून एक उठून फ्लोरिडावर हरकत घेत होते. हरकतीवर एका सेनेटरचीही सही लागते, ती कुणाकडे नव्हती. एक सदस्या म्हणाल्या, सही नाही याची मला पर्वा नाही. गोर म्हणाले, नियमांना आहे. सभागृहात हशा पिकला. आणि स्वतःच्या बाजूच्या हरकती स्वतःच फेटाळत त्यांनी स्वतःचा पराभव वाचून दाखवला. न्यायालयाचा निकाल आपल्याला पटलेला नाही, हे त्यांनी डिसेंबरच्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं.

बरोबर वीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच इमारतीत ट्रम्प समर्थकांचा जमाव घुसला, ते जगाने पाहिलं. साठाहून अधिक खटले हरल्यावरही 'निवडणूक चोरली' हे वाक्य थांबलं नव्हतं. दोन वर्षांनी, ८ जानेवारी २०२३ ला, ब्राझीलच्या राजधानीत, ब्राझिलियात, तोच खेळ झाला.

संमतीची दुसरी बाजू जिंकणाऱ्यांकडे असते आणि तिच्याविषयी कमी बोललं जातं. पुढच्या वेळी आपल्यालाही संधी आहे असं वाटलं तर माणूस हार पचवतो. हरणं म्हणजे नोकरी, जमीन, इज्जत, तुरुंग असा हिशेब असेल तर कोण पचवेल? म्हणून निकालानंतर 'जनतेने कौल दिला, आता गप्प बसा' हे वाक्य उन्मत्त तर आहेच, गणितातही कच्चं आहे. ब्रिटनमध्ये २०२४ ला लेबर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या त्या ३३.७ टक्के मतांवर. नियमाने सरकार त्यांचंच, पण तीनातल्या दोघांनी दुसऱ्या कुणाला मत दिलं होतं. ब्रेक्झिटच्या सार्वमतात ५१.९ टक्के बाजूने होते. मतदानालाच न गेलेले धरले तर हा आकडा नोंदणीकृत मतदारांच्या ३७ टक्क्यांवर येतो.

राहता राहिलं घर. २०१६ च्या निवडणुकीनंतर अमेरिकेत थँक्सगिव्हिंग या कौटुंबिक सणाच्या जेवणांचा अभ्यास झाला, मोबाइल फोनच्या ठिकाणांवरून. वेगळ्या पक्षाच्या वस्तीतून आलेले पाहुणे त्या वर्षी ३० ते ५० मिनिटं लवकर उठले. भांडणं झाली की नाही हे फोन सांगत नाही, खुर्च्या लवकर रिकाम्या झाल्या एवढंच कळतं. आणि समोरच्याविषयी आपली समजूत किती चुकीची असते याचा एक आकडा मला विसरता येत नाही. अमेरिकी लोकांना विचारलं, रिपब्लिकन समर्थकांपैकी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणारे किती? सरासरी उत्तर आलं ३८ टक्के. खरा आकडा दोनच्या आसपास. आपण ज्यांच्यावर चिडतो ती माणसं पुष्कळदा आपणच डोक्यात रंगवलेली असतात. आंदोलन करा, याचिका करा, पाच वर्षं धारेवर धरा, पण भांडण खऱ्या माणसाशी होऊ द्या.

मलावीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे पुन्हा निवडणूक झाली. व्हाइटनरच्या प्रकरणात पायउतार व्हावं लागलेले मुथारिका वयाच्या ८५ व्या वर्षी पुन्हा उभे राहिले. महागाई आणि इंधनटंचाईला लोक वैतागले होते. या वेळी मागे पडले ते न्यायालयाच्या निकालामुळे सत्तेत आलेले चकवेरा. अधिकृत निकाल जाहीर होण्याआधीच त्यांनी मुथारिकांना फोन करून अभिनंदन केलं आणि मग देशाला सांगितलं, की आपण हरलो आहोत.